उपग्रहाचा पासंग

महोदय,

सांगलीच्या मार्केट यार्डात मी 32 वर्षे हळदीची तोलाई केली. सकाळी पहिले पोते चढवण्याआधी पारडी रिकामी ठेवून काटा मध्यावर येतो का ते बघायचे, हा शिरस्ता. दुपारपर्यंत मालाच्या पारड्यात हळदीची पिवळी धूळ बसायची. दिसायला चिमूटभर, पण काटा हलायचा. मग पारडे फडक्याने पुसून पुन्हा पासंग बघायचा. त्यात कुणाला अविश्वास वाटत नसे.

आता आमच्या जत तालुक्यातले पीक उपग्रह मोजतो. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेत पाऊस, पेरणी, जमिनीतली ओल यांच्या जोडीला पिकाच्या हिरवेपणाचा आकडाही धरलेला आहे. 2023 च्या ऑक्टोबरअखेर राज्यातले 40 तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात मिरज होते, जत नव्हते. ते उपग्रहामुळे झाले असा माझा आरोप नाही. पण तेव्हापासून पारावर एकच प्रश्न निघतो : वरून दिसते ते खरे कशावरून?

प्रश्न रास्त आहे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोन्हींच्या मापावरून हिरवेपणाचा आकडा निघतो. उड्डाणाआधी यंत्र प्रयोगशाळेत तपासलेले असते, पण उड्डाणाचे हादरे आणि अंतराळातले प्रखर ऊन यांनी त्याची नजर हळूहळू मंदावते. डिसेंबर 1999 मध्ये सोडलेल्या अमेरिकेच्या टेरा उपग्रहावरील मोडिस यंत्राचे तेच झाले. हिरवाई घटल्याचे दिसत होते, त्यातली काही घट यंत्राच्या झिजेची होती, हे 2012 मध्ये संशोधकांनी दाखवले. पुढे आकडे दुरुस्त झाले.

वर जाऊन पारडे पुसता येत नाही, म्हणून माप जमिनीवर शोधले आहे : लिबियाचे वाळवंट, अमेरिकेतल्या नेवाडाचे कोरडे तळे, आपले कच्छचे रण. सपाट, उजळ, दूरवर एकसारखी जमीन. नेवाडात आणि रणात उपग्रह डोक्यावरून जायच्या वेळी माणसे उभी राहून मोजणी करतात. आधी पांढऱ्या पाटीवरून परतणारा प्रकाश मोजतात, मग जमिनीवरून परतणारा. हवेतली धूळही मोजतात. त्यावरून वर किती प्रकाश पोचायला हवा ते काढून उपग्रहाच्या आकड्याशी ताडतात. फरक निघाला तर तोच पासंग.

पुतण्या म्हणाला, आपला माळ का नाही घेत? आपला माळ श्रावणात हिरवा होतो, साताऱ्याचे कास पठार तर पावसाळा सरता सरता फुलांनी झाकून जाते. माप असे रंग बदलून चालत नाही. रणातही पावसाळ्यात पाणी असते, ते वाळल्यावरच मोजणी होते.

काटा बरोबर असला तरी पोत्यात काय भरले आहे ते तो सांगत नाही. बाजरी गेली आणि काँग्रेस गवत माजले तरी शिवार हिरवेच दिसणार. त्यासाठी बांधावर माणूस यायलाच हवा.

माझी मागणी एवढीच : हिरवेपणाचा आकडा ज्या निर्णयात धरला जातो, त्याच्यासोबत उपग्रहाचे नाव आणि त्याचे यंत्र शेवटचे कधी, कुठे पडताळले ते मराठीत चावडीवर लावावे. आमच्या लोखंडी वजनांच्या बुडाला शिशावर तपासणीचा शिक्का असे. एक आजी दरवर्षी हळद घेऊन यायची. तिला वाचता येत नव्हते. ती आधी वजन उलटे करायला लावायची आणि नातवाकडून साल वाचून घ्यायची, मगच पोते काट्यावर चढू द्यायची.

– एक निवृत्त तोलाईदार, ता. जत, जि. सांगली