आईच्या मानेबद्दल, युट्रेक्टहून

आई,

तुझी मान अजून दुखतेय आणि शेजारच्या काकू तुला त्या हाड बसवणाऱ्याकडे नेणारेत असं बाबा म्हणाले, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोनवर तू ऐकून घेत नाहीस म्हणून लिहूनच पाठवतेय, बाबांना मोठ्याने वाचून दाखवायला सांग.

मानेला झटका देऊन कट् आवाज काढतात ना, त्याने हाड जागेवर वगैरे काही बसत नाही गं. सांध्यातल्या पाण्यात वायूची पोकळी होते, त्याचा तो आवाज. नंतर थोडा वेळ मोकळं वाटतं हे खरंय, पण मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतूनच वर जातात आणि झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटलं तर थेट स्ट्रोक येऊ शकतो. होतं फार क्वचित, पण तुला बीपी आहे, मला ही रिस्क नकोच.

मागे माझी मान धरली तेव्हा मी इथल्या मॅन्युअल थेरपिस्टकडे, म्हणजे हाताने उपचार करणाऱ्या फिजिओकडे गेले होते, तिने एकदाही झटका दिला नाही. पालथं झोपवून अंगठ्यांनी एकेक मणका हळूहळू दाबायची आणि सोडायची, त्याला मोबिलायझेशन म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या मेटलंड नावाच्या फिजिओथेरपिस्टनी या दाबाच्या पायऱ्या ठरवून दिल्यात, दुखणं जास्त असेल तर अगदी हलक्या पायरीपासून सुरुवात. दुसरी पद्धत न्यूझीलंडच्या मलिगन या फिजिओथेरपिस्टची, त्यात थेरपिस्ट मणक्याला आधार देऊन धरतो आणि मान आपली आपण वळवायची, दुखता कामा नये, दुखलं तर ते हाताची जागा बदलतात. मला हीच जास्त पटली कारण किती वळायचं ते आपल्या हातात राहतं, तुलाही भीती वाटणार नाही.

आणि झटक्याने लवकर बरं होतं असं काकू म्हणतात ना, तर ऑस्ट्रेलियात 182 जणांवर हेच तपासलं, निम्म्यांना झटका आणि निम्म्यांना मोबिलायझेशन, बरं व्हायला साधारण 47 आणि 43 दिवस, म्हणजे फरक नाहीच. मग झटका कशाला घ्यायचा? इथे नेदरलँड्समध्येही 183 जणांवर अभ्यास झाला होता, 7 आठवड्यांनी मोबिलायझेशनवाले 68 टक्के सुधारले, व्यायामाची फिजिओथेरपी घेणारे 51 आणि नुसते डॉक्टरच्या गोळ्या-सल्ल्यावर असलेले 36, पण वर्षभराने हा फरक बराच कमी झाला. म्हणून सांगते, हाताने करून घेतलं तरी घरचा व्यायाम सोडायचा नाही. हनुवटी सरळ मागे घ्यायची, कपाळाला तळहात लावून डोकं न हलवता दाबायचं, खांदे मागे ओढायचे, एवढंच, पण रोज.

साताऱ्यातला एखादा शिकलेला फिजिओथेरपिस्ट बघ, बाबा चौकशी करतील. गेल्या गेल्या बीपीच्या गोळ्या सांग, आणि झटका नको हे आधीच स्पष्ट सांग. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल वाटत असेल किंवा चालताना तोल जात असेल तर फिजिओच्या आधी डॉक्टर. आणि अचानक चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं असं काही झालं तर कुणाची वाट न बघता सरळ हॉस्पिटल.

जुना एक्स-रे कपाटात वरच्या खणात आहे, तो घेऊन जा आणि ते काय म्हणतात ते मला रात्री कळव. पैशांचं बघू नकोस, मी पाठवते.

तुझी लेक