आत्याच्या प्रश्नाचं उत्तर

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

आत्याने काय विचारलं ते तुम्ही मला कळू दिलं नाहीत, पण ताईने सांगितलंच. "टीव्हीवर तर कधी दिसत नाही, मग पगार कशाचा घेतोय?" राग नाही आला. म्हटलं, तुम्हालाही हेच वाटत असेल आणि बोलत नसाल, तर एकदा नीट लिहावं.

मी फुटबॉल संघातला दुसऱ्या नंबरचा गोलकीपर. हल्ली सामन्यात पाच बदली खेळाडू उतरवता येतात, त्यामुळे बाकावरच्या फॉरवर्डला शेवटची दहा मिनिटं तरी मिळतात. गोलकीपर सहसा कुणी बदलत नाही. पहिल्याला दुखापत झाली किंवा लाल कार्ड मिळालं, तरच माझा नंबर. तयारी मात्र दोघांची सारखीच. समोरच्या संघात पेनल्टी कोण मारतं, कुठल्या बाजूला मारतं, याचे व्हिडिओ आम्ही एकत्र बघतो. ती यादी चिकटपट्टीवर लिहून पहिल्या गोलकीपरच्या पाण्याच्या बाटलीला लावायची, हे काम माझं. त्याने पेनल्टी अडवली की बाकावर सगळ्यात जोरात ओरडणारा मीच असतो. आत्याला हे सांगा.

आई, करंगळी आता वाकडीच राहणार, तिचा नाद सोड. सरावाआधी ती शेजारच्या बोटाला पट्टीने बांधतो, मग ग्लोव्ह्जचे तळवे ओले करतो, कारण लॅटेक्स कोरडं पडलं की बॉल हातातून निसटतो. कमरेची उजवी बाजू कायम काळीनिळी. सामना असो-नसो, जमिनीवर अंग टाकणं रोजचं आहे. हळद-तेल पाठवू नकोस, इथे फिजिओ आहे. (डिंकाचे लाडू पाठव.)

बाबा, तुम्हाला भारताचा गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू आवडतो. २०२३ च्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत बंगळुरूला लेबनॉन आणि कुवेत, दोघांनाही आपण पेनल्टींवर हरवलं, ते त्याच्या हातांमुळे. पण त्याआधीचं कुणी सांगत नाही. हा माणूस २०१४ साली नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला आणि तिथल्या लीगमधला पहिला सामना मिळायला २०१६ उजाडलं. बर्फात सराव करायचा आणि शनिवार-रविवारी दुसऱ्याला खेळताना बघायचं. २०१९ मध्ये दोह्यात आशियाई विजेत्या कतारला त्याने एकही गोल करू दिला नाही, त्याची तयारी त्या दिवसांतच झाली असणार, असं माझं मत. मी गुरप्रीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बाकावर बसणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे.

वयाचं म्हणाल तर गोलकीपरला जरा सवलत असते. इटलीचा दिनो झॉफ चाळिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकला. इजिप्तचा एल-हदारी २०१८ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी विश्वचषकात खेळला आणि पेनल्टीही अडवली. आपल्या शेजारच्या गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर देशाचे कर्णधार होते. त्यांना पद्मश्री मिळायला २०२२ साल यावं लागलं. या धंद्यात सगळंच उशिरा.

आणि हो, परवा टीव्हीसमोर तुम्ही "कॉर्नर कसला देतोय हा?" म्हणून रेफ्रीला शिव्या घातल्यात म्हणे. नियम बदललाय. गोलकीपरने आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ बॉल हातात धरला की समोरच्या संघाला कॉर्नर, म्हणजे कोपऱ्यातून किक. शेवटची पाच सेकंद रेफ्री बोटांनी मोजून दाखवतो. वेळ काढायची जुनी युक्ती गेली.

आता मुद्द्याचं. क्लबाने आणखी एका वर्षाचा करार दिला आणि मी सही केली. २०२५ मध्ये आयएसएल, म्हणजे आपली इंडियन सुपर लीग, लांबणीवर पडल्यापासून तुम्हाला घोर लागलाय, दूध संघातल्या नोकरीचं तुम्ही कुणाकडे तरी बोलून ठेवलंय, तेही कळलंय. त्यांना तूर्त नाही म्हणून सांगा, पण गोडीत, संबंध बिघडायला नकोत. त्यासोबत मी गोलकीपिंग कोचचा कोर्स करतोय. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचला हलगी कडाडते, हजारोंनी माणसं येतात, पण आपल्या तालमीच्या फुटबॉल संघातल्या गोलकीपर पोरांना पडायचं कसं हे कुणी शिकवत नाही. मी कोपरं फोडून घेऊनच शिकलो. सुट्टीत आलो की त्यांना सकाळी सहाला मैदानावर बोलवा. माळ्यावर माझे जुने ग्लोव्ह्ज आहेत, ते त्यांना द्या; आईने त्यांनी गरम कढई उचलायला सुरुवात केली असेल तर आधी काढून घ्या.

बाबा, साखर तपासून आकडा ताईला कळवा. खरा आकडा.

तुमचा,
धाकटा