ब्लाइंड विली जॉन्सनला चार शब्द?

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला, पृथ्वीवरचं संगीत घेऊन 1977 साली अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीचा लेख वाचला. त्या तबकडीवर गायलेल्या सूरश्री केसरबाई केरकरांना पाऊण पान दिलंत, आनंद वाटला. तो त्यांचा हक्कच आहे. पण त्याच तबकडीवरच्या ब्लाइंड विली जॉन्सन या अमेरिकन गायक-गिटारवादकाची बोळवण ‘टेक्सासमधला एक आंधळा भिकारी’ एवढ्यावर केलीत, हे वाचून राहवलं नाही.

रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून तो येशूची भजनं गायचा, हे खरं. लोक पैसेही टाकायचे. पण 1927 ते 1930 या काळात कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने त्याची 30 गाणी ध्वनिमुद्रित केली आणि विकली, हे लेखकाला सांगावंसं वाटलं नाही? पुढे मंदी आली आणि त्याला पुन्हा कोणी बोलावलं नाही.

यानावरचं ‘डार्क वॉज द नाइट’ हे 3 डिसेंबर 1927 रोजी डॅलसमध्ये मुद्रित झालं. त्यात एकही शब्द नाही. तारेवरून घसीट घेत गिटार अर्धी ओळ म्हणते, उरलेली तो हुंकारात पुरी करतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, ज्याच्या कानात मुरली आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, असं मला वाटायचं. आमच्याकडच्या एका श्रवण मंडळात केसरबाईंचं ‘जात कहां हो’ झाल्यावर मी आग्रहाने हे लावलं. मिनिटभरही झालं नसेल, संयोजकांनी बंद केलं. ‘बोल नाहीत, ताल नाही, नुसतं कण्हणं काय ऐकायचं?’ असं चारचौघांत म्हणाले, आणि तासतासभर आलापीला माना डोलावणारी मंडळी हसली. ‘नोम तोम’ अशा निरर्थक अक्षरांवर आलापी करतात, त्या नोमतोमीत कुठले बोल असतात हो? त्या गवयाचा तो अपमान मला अजून पचलेला नाही. काल तुमच्या पुरवणीने त्याला पुन्हा तीच वागणूक दिली.

1945 मध्ये ब्यूमाँट गावातलं त्याचं घर जळालं. जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून त्याच जळक्या घरात, ओल्या अंथरुणावर आम्ही झोपलो, असं त्याच्या पत्नीने पुढे अभ्यासकांना सांगितलं. तो आजारी पडला आणि 18 सप्टेंबरला गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण आहे मलेरियाचा ताप. त्यानंतर 32 वर्षांनी त्याचं गाणं अवकाशात गेलं. एवढा ऐवज हाताशी असताना तुमच्या लेखकाला चारच शब्द सुचावेत!

येत्या रविवारी त्याच्यावर अर्धं पान तरी द्यावं, ही विनंती. केसरबाईंची ती चीज भैरवीतली आहे, हेही पाऊण पानात कुठे आलेलं नाही. तेही त्यात घ्यावं. आणि आकाशवाणीच्या संगीतसभांच्या वेळा छापणं तुम्ही बंद केलंय, ते कृपया पुन्हा सुरू करा. आमच्यासारखे कितीतरी श्रोते त्यावरच विसंबून असतात.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज