रमाबाईंच्या हातातलं बायबल काढून घेऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या रविवारच्या पुरवणीत पंडिता रमाबाईंवर आलेला लेख वाचला. लेख मनापासून लिहिलाय, आर्य महिला समाज, शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढची साक्ष, विधवा आणि मुलींसाठीची शाळा शारदा सदन, सगळं आलंय, पण "पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला" एवढं एक वाक्य आणि लगेच गाडी परत समाजकार्यावर. हे काही आपल्याच लेखात झालंय असं नाही, रमाबाईंवरची भाषणं ऐका, 8 मार्चच्या पोस्ट बघा, सगळीकडे हेच, विदुषी घ्यायची, सुधारक घ्यायची, आणि तिच्या हातातलं बायबल गुपचूप काढून घ्यायचं. मला याचं फार वाईट वाटतं कारण ते काढून घेतलं की बाकीचं सगळं का घडलं तेच कळेनासं होतं.

त्यांच्या वाट्याला काय आलं होतं ते आधी बघा. जन्म 1858 चा, वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांनी त्या काळात बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, घर असं नाहीच, तीर्थाच्या गावी पुराण सांगायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. 1874 च्या आसपास दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण सगळी गेली, रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. मग भाऊ श्रीनिवास आणि त्या दोघंच देशभर पायी फिरले. कलकत्त्यात 1878 मध्ये पंडितांनी पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या, दोन वर्षांत भाऊ गेला. जातीबाहेर लग्न केलं, मनोरमा झाली, आणि 1882 मध्ये नवराही कॉलऱ्याने गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर लहान मुलगी, माहेर नाही सासर नाही. धर्मग्रंथ तोंडपाठ होते, पण ते वाचून त्यांचं समाधान होईना, कारण ग्रंथांची बाकी कितीही मतं वेगळी असली तरी बाईला आणि शूद्राला मोक्षाची सरळ वाट नाही यावर सगळ्यांचं एकमत दिसतं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. हे त्यांचं मत आहे, कुणाला पटो न पटो, पण त्यांची तहान काय होती ते यातून कळतं. पदव्या होत्या, टाळ्या होत्या, आणि तरी आपण देवाच्या कुणी लागतो का हा प्रश्न तसाच.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनमधल्या फुलहॅमला सिस्टर्सनी, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींनी, एक आश्रम चालवला होता, ज्या बायकांना समाजाने वाया गेलेल्या म्हणून टाकून दिलं त्यांच्यासाठी. रमाबाईंना आश्चर्य वाटलं की यांची एवढी माया कशाला करता, तेव्हा एका सिस्टरने त्यांना बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. भर दुपारी येशू दमून विहिरीवर बसलाय आणि पाण्याला आलेल्या एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतोय. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नव्हते, त्यात ही बाई, त्यात हिचे पाच नवरे झालेले आणि आत्ता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नाही. येशू तिला हे सगळं तिच्या तोंडावर सांगतो आणि तरी उठून जात नाही, उलट देवाची भक्ती कुठे करायची या डोंगरावर की यरुशलेमेत असा त्या काळातला सगळ्यात मोठा वाद तो तिच्याशी बोलत बसतो. शिष्य परत येतात तेव्हा हा एका बाईशी बोलतोय याचंच त्यांना नवल वाटतं. ती बाई घागर तिथेच टाकून गावात पळते आणि अख्ख्या गावाला बोलावून आणते.

हा अध्याय ऐकून रमाबाईंना पटलं की हाच खरा तारणारा, हिंदुस्थानातल्या खाली दाबलेल्या बाईला उचलणारा हाच. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला इंग्लंडमधल्याच वाँटेज या गावी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावला त्यांनी कृपा सदन काढलं, अशाच टाकून दिलेल्या बायकांसाठी, ते कुठून आलं हे आता सांगायला हवं का? विहिरीवरच्या बाईला वगळलं तर कृपा सदनाचा अर्थ कसा लावणार?

आणि कुणाला वाटत असेल की बाई भोळी होती, गोऱ्या लोकांनी गुंडाळली, तर त्यांनी रमाबाईंची पत्रं वाचावी. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी त्या किती भांडल्यात! गळ्यातल्या क्रूसावर लॅटिनच का पाहिजे, आमची संस्कृत काय कमी पवित्र आहे का असं त्यांनी सरळ विचारलं. मांसाहार कधी घेतला नाही, साडी सोडली नाही. माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणाच्या स्वाधीन करायला आलेले नाही, असा त्यांचा सगळा सूर. म्हणून मला त्या फार जवळच्या वाटतात. येशूला धरलं म्हणून मराठी असणं सोडावं लागत नाही हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी जगून दाखवलं, आणि आम्हाला अजून नवीन ओळख झाली की "आडनाव तर मराठी आहे, मग तुम्ही ख्रिश्चन कशा?" हे ऐकावं लागतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आजही त्यांची भजनं झांज आणि पेटीवर म्हणतात, उपासना सुरू असताना बाहेरून जाणाऱ्याला वाटावं कीर्तन चाललंय.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी रमाबाईंनी कबूल केलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. किती प्रामाणिक बाई! धर्म बदलला, नाव झालं, अमेरिकेत भाषणं झाली, 1889 मध्ये शारदा सदन उभं राहिलं, आणि तरीसुद्धा आत कुठेतरी रिकामं आहे हे त्यांना कळत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्यानंतर मात्र त्या शांत झाल्या. 1893 मध्ये शारदा सदनावरून पुण्यात गदारोळ झाला, तिथे मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. त्या पालकांची भीती मला समजते, आपली लेकरं आपल्या रीतीत राहावी असं कुणालाही वाटणारच. पण रमाबाईंनी दार लावून प्रार्थना केली नाही. माझ्या घरी मी माझ्या मुलीबरोबर प्रार्थना करते, दार उघडं आहे, ज्याला यायचं त्याने यावं, ही त्यांची भूमिका होती.

आता माझ्या घरचं सांगते. मी अहिल्यानगर जिल्ह्यातली, आयुष्यभर नर्सचं काम केलं. माझी पणजी 1900 च्या दुष्काळात गुजरातमधून रमाबाईंनी केडगावला काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये आली, त्या वेळी रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली गोळा करून आणल्या त्यातली एक. पाच सहा वर्षांची असेल, गावाचं नाव सांगता येत नव्हतं, बापाचं नाव विचारलं तर "बापा" एवढंच. आडनाव तिला मिळालं ते थेट लग्नात. मोठी झाल्यावर ती मुक्तीच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला बसायची. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणत होत्या, आणि ते छापायचं काम मिशनमधल्या मुलीच करत होत्या. शिशाचे खिळे डाव्या हातातल्या पट्टीत एकेक लावायचे, अक्षरं उलटी, त्यामुळे तिला उलटं वाचायची इतकी सवय झाली होती की म्हातारपणी समोरच्याच्या हातातला पेपर ती पलीकडून वाचायची, हे आजी आम्हाला नेहमी सांगायची. बोटं काळी व्हायची, दिवे लागले की मान दुखायची. यशयाच्या 43 व्या अध्यायात देव म्हणतो की भिऊ नको, मी तुला नावाने हाक मारली आहे, तू माझी आहेस. ज्या मुलीला स्वतःच्या बापाचं नाव माहीत नव्हतं तिने आयुष्यभर हे वचन उशाशी ठेवलं. तिला ओळख कशाने मिळाली हे समाजकार्य या एका शब्दात बसवता येत नाही हो. जेवण, कपडे, शिक्षण, कौशल्य सगळं मिळालं आणि त्याची किंमत मी कमी करत नाही, पण ती शेवटपर्यंत सांगायची ते हेच की मी कुणाची तरी आहे.

आशेबद्दलही थोडं लिहिते कारण त्या शब्दाचं आजकाल फार गोड गोड केलंय, आमच्या लोकांनीसुद्धा. माझे मिस्टर अचानक गेले तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण "देवाची इच्छा" म्हणायचा आणि मला ते अजिबात सहन होत नव्हतं, प्रार्थनेला बसले तरी शब्द निघत नव्हते. एक दिवस आमच्या पाळकबाई, म्हणजे चर्चच्या पास्टर, आल्या, काही समजावलं नाही, माझ्याजवळ बसून बायबलमधलं स्तोत्र 88 वाचलं. ते स्तोत्र फार कुणी वाचत नाही कारण त्यात शेवटी उजेड नाहीच, देवा तू माझी माणसं माझ्यापासून दूर केलीस अशी तक्रार आणि शेवट अंधारातच. मला त्या दिवशी पहिल्यांदा श्वास घेता आला. पवित्र शास्त्रात अशा माणसालाही जागा दिलीय, त्याची तक्रार कुणी खोडली नाही, दीडशे स्तोत्रांत ती अशीच ठेवली, म्हणजे देवापुढे रडत भांडत येणारा माणूससुद्धा विश्वासातलाच. तिथून हळूहळू पुढच्या स्तोत्रांकडे जाता आलं, घाईने नाही. मी ड्युटीवर परत गेले आणि ज्यांचं माणूस गेलंय अशा नातेवाइकांपाशी नुसतं बसायला शिकले, आणि नर्सिंग ही माझी नोकरी नाही, हे मला दिलेलं काम आहे हे मला खऱ्या अर्थाने तेव्हा कळलं.

रमाबाईंचंही बघा. ज्या मनोरमेवर पुढचं सगळं काम सोपवायचं होतं ती 1921 मध्ये आईच्या आधी गेली. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक. रमाबाईंना ऐकू कमी येत होतं, तब्येत खालावली होती, आणि तरी त्या बायबलच्या कामाला बसत राहिल्या, सतरा अठरा वर्षं चाललेलं काम त्यांनी अर्धवट टाकलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून बाहेर आलं. स्वतःचं असं कुणी उरलेलं नसताना माणूस कुणासाठी एवढं करतो? त्यांच्या मनात खेड्यातली, नुकती अक्षरं जुळवायला शिकलेली बाई होती, तिला शास्त्र स्वतः वाचता आलं पाहिजे, कुणी मधे नको.

माझी एवढीच विनंती आहे की पुढच्या वेळी रमाबाईंवर लिहायचं असेल तेव्हा आपला एखादा प्रतिनिधी केडगावला पाठवा, पुणे दौंड लाईनवरच आहे, लोकल थांबते, मुक्ती मिशनचं काम आजही चालू आहे, तिथल्या बायकांशी बोला आणि त्यांना विश्वासाबद्दल सरळ विचारा, त्या लाजणार नाहीत. आणि आपल्या वाचकांपैकी कुणाला ती विहिरीवरची गोष्ट स्वतः वाचून बघायची असेल तर योहान अध्याय 4, एकूण 54 वचनं, मराठी बायबल मोबाईलवर फुकट मिळतं.

आपली एक नियमित वाचक,
अहिल्यानगर