लग्न पार पडू दे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

फोन रोज होतो, तरी पत्र लिहितोय. कारण फोनवर हा विषय काढला की आई, तुझं दूध उतू जातं. त्यात फोन स्पीकरवर, शेजारी बाबा. मग मीही पावसापाण्यावर येतो.

आई, तुझी मागच्या आठवड्यातली कॅन्सरची तपासणी चांगली झाली. गोळी अजून दोन वर्षं चालू, आणि उजव्या बाजूची मॅमोग्राफी दर वर्षी, ती चुकवायची नाही. बाबा, नवे कागद फायलीत लावा. सायकलच्या ट्यूबचा पट्टा आता पुरत नसेल.

खरी गोष्ट वेगळीच आहे. परळहून परतताना, महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बाबा झोपल्यावर, आई, तू जे सांगितलंस त्यावर मी आठवडाभर विचार करतोय. मला वाटायचं, गाठ लागली आणि महिनाभरात तू बोललीस. तू म्हणालीस, ती माझ्या हळदीच्या आदल्या आठवड्यात, न्हाताना साबणाच्या हाताला लागली होती. हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती, म्हणून राहू दिलीस. "लग्न पार पडू दे म्हटलं." मग पूजा, मग सोयाबीनची काढणी, मग दिवाळी. सात महिने. बोललीस तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती आणि वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी.

हे बाबांसमोर उघडं केलं म्हणून रागावशील. रागाव. बाबा, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, मला माहीत आहे. आणि तुम्हाला सांगून तरी काय झालं असतं? तालुक्याच्या दवाखान्यात तुम्ही 'छातीत त्रास आहे' एवढंच म्हणालात आणि त्यांनी आईचा ईसीजी काढला. स्तन हा शब्द आपल्या घरात कोणाच्याच तोंडून निघत नव्हता. माझ्याही नाही. आज लिहिताना बरा वाटतोय.

त्या सात महिन्यांचा हिशेब मी मनात मांडून पाहतो. तिसरी स्टेज. आधी केमो, गाठ आक्रसायला. ते लाल औषध, ज्याने दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली आणि तू घाबरलीस. मग ऑपरेशन, सगळाच स्तन आणि काखेतल्या गाठी. मग शेक, म्हणजे रेडिएशन. डावा हात अजून सुजतो, त्या हातावर बीपीचा पट्टाही लावू देत नाहीस. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत आपल्या पलीकडे परभणीच्या काकू होत्या, आठवतात? त्यांची गाठ सुपारीएवढी असतानाच सापडली. तेवढी गाठच काढली, स्तन राहिला, शेक घेतला, गेल्या घरी. तुझ्या आधी गेल्या म्हणून तू चार दिवस गप्प होतीस.

तू वाचलीस, आई. पण तुला जास्त महाग पडलं.

आता ताई. बेचाळीस पूर्ण झाली. आपल्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय, आईला झालाय तर मुलीने चाळिशीनंतर दर वर्षी मॅमोग्राफी करायची. तिचं उत्तर ठरलेलं: "सोहमची दहावी होऊ दे." हे कोणाचं वाक्य आहे, तुला वेगळं सांगायला नको. मी फारच मागे लागलो तर म्हणते, "मला काही होत नाही रे, मग कशाला?"

काही होत नाही तेव्हाच तर करायची. हरभऱ्याएवढी गाठ तुझ्या हाताला तरी लागली. त्याहून बारीक असते ती हाताला लागतच नाही, फोटोत दिसते. दोन पाट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबतात, दुखतं थोडं, पण तुझ्या सुयांपुढे काहीच नाही. पाळी झाल्यावरच्या आठवड्यात जायचं, म्हणजे कमी दुखतं. पावडर लावून जायचं नाही, फोटोत ठिपके उठतात.

मशीन नसलं तरी हाताने तपासूनही खूप साधतं. परळच्या टाटा हॉस्पिटलने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख बायकांवर हेच पाहिलं. त्यातल्या निम्म्यांचे स्तन शिकवून तयार केलेल्या बायका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. वीस वर्षांचा हिशेब 2021 मध्ये छापून आला. गाठी लवकरच्या स्टेजला सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही. ताई नेमकं तेवढंच वाक्य धरून बसेल, म्हणून आधीच सांगतो: त्यातल्या बहुतेकींच्या आईला कॅन्सर नव्हता. तिच्या आईला झालाय.

आपल्या उपकेंद्रातही तिशीपुढच्या बायकांची बीपी, शुगरबरोबर ही तपासणी फुकट होते. शेजारच्या काकींना, बचत गटातल्या बायकांना घेऊन जा. तू म्हणालीस तर येतील. आशाताई वर्षभर सांगतात, बायका त्यांना हसून चहा पाजतात आणि पाठवून देतात.

ताई गौरीला येईल. दाजींशी मी बोललोय, ते गाडी काढतील. सांगलीला गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची वेळ घेतलीय, पैसे बाबांच्या खात्यावर टाकलेत. बाबा, तुम्ही सोहमला घेऊन घरी थांबा, आणि 'दहावी आहे' हे कारण त्या दिवशी तुम्हीच मोडून काढा.

आई, आदल्या रात्री तिला सात महिन्यांचं सांग. मला गाडीत सांगितलंस तसंच, काही गाळू नकोस. मी सांगून ती ऐकायची नाही, मी धाकटा.

आणि ती मोहरीची पिशवी तिला दाखव. सोहमच्या वेळी तू त्याच्या डोक्याखाली मोहरीची उशी शिवली होतीस, तशीच शिवून बंडीत डाव्या बाजूला घालतेस ना, ती. हातात दे तिच्या. वजन बघू दे. तिने ती अजून पाहिलेली नाही.

तुमचा,
बंडू