बदलीचा अर्ज मी मागे घेतला आहे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आईने विचारले तेव्हा "अजून काही ठरलेले नाही" असे मी म्हणाले. ते खरे नव्हते. बदलीचा अर्ज मी त्याच्या चार दिवस आधीच मागे घेतला होता. फोनवर आई गप्प होते, बाबा "ठीक आहे" म्हणतात आणि माझे बोलणे तिथेच अडते, म्हणून हे सारे लिहून कळवते आहे. आणखी एक शैक्षणिक वर्ष मी याच शाळेत राहणार आहे. तुम्हाला न विचारता ठरवले, याचे वाईट वाटते. पण विचारले असते तर तुम्ही माझ्या सोयीचेच उत्तर दिले असते, आणि तो भार मला तुमच्यावर टाकायचा नव्हता.

तुमच्याजवळ यायला मन घेत नाही, असे कृपा करून समजू नका. बाबांच्या त्या रात्रीनंतर मीच हट्टाने अर्ज केला होता, आणि आजही जिन्यातल्या दिव्याचा विचार मनात आला की झोप उडते. तरीही थांबते आहे ते एका अर्धवट कामासाठी. हे काम दुसऱ्या कोणाच्या हाती देता येत नाही.

वर्षभर मी ज्याला 'संशोधन' म्हणत होते ते नेमके काय, हे तुम्हाला कधी नीट सांगितलेच नाही. बाबांना वाटते की मी पदवीसाठी प्रबंध लिहिते आहे आणि तो घरी बसूनही लिहिता येईल. तसे ते नाही. माझे काम आहे कृतिसंशोधन. त्यात शिक्षक आपल्याच वर्गातला, आपल्याला बोचणारा एक प्रश्न घेतो, आपल्या शिकवण्यात एक ठरावीक बदल करतो, त्याचे काय झाले ते पुराव्यानिशी पाहतो आणि त्यावर विचार करून पुढची फेरी आखतो. बाबा "याला आधार काय?" असे विचारणारच, म्हणून सांगते. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये या फेऱ्यांची कल्पना मांडली ती समाजातल्या गटांचे परस्परसंबंध सुधारण्यासाठी; अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये ती शाळांच्या सुधारणेला कशी लावता येईल ते सविस्तर लिहिले; आणि इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्ये आग्रहाने मांडले की शिक्षकाने स्वतःच आपल्या वर्गाचा संशोधक व्हायला हवे. मला यातले स्टेनहाउस सर्वांत जवळचे वाटतात, कारण ते शिक्षकाला नुसता हुकूम पाळणारा मानत नाहीत.

माझा पहिला प्रश्न चुकलेला होता. सहावीची मुले आकडेमोड बिनचूक करतात, पण शाब्दिक उदाहरण आले की पेन खाली ठेवतात, म्हणून "मुले शाब्दिक उदाहरणांत मागे का पडतात?" असे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. आमच्या मार्गदर्शक बाईंनी ते वाचले आणि शांतपणे विचारले, "या प्रश्नात तुम्ही कुठे आहात?" त्या एका वाक्याने माझे दोन आठवडे गेले. शेवटी मुख्याध्यापिकांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती घेऊन मी माझ्याच तीन तासांचे ध्वनिमुद्रण केले आणि रात्री ते ऐकत कागदावर खुणा करत बसले. चाळीस मिनिटांच्या एका तासात मी अठ्ठावन्न प्रश्न विचारले होते आणि त्यांतल्या एकतीस प्रश्नांची उत्तरे मीच देऊन टाकली होती. प्रश्न आणि माझे उत्तर यांच्यात मुलाला श्वास घेण्याइतकाही अवकाश नव्हता. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासक बाईंनी विज्ञानाच्या वर्गांत हेच पाहिले होते; शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात आणि तीन सेकंद किंवा त्याहून अधिक थांबले तर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात, असे त्यांनी १९७४ मध्ये लिहून ठेवले आहे. मी ते बी.एड.ला वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. स्वतःचा आवाज ऐकेपर्यंत ते माझ्याविषयी आहे, हे मात्र कळले नव्हते.

त्या रात्री बाबा, मला तुमची फार आठवण झाली. अपूर्णांकांच्या त्या वर्षी तुम्ही प्रश्न विचारायचात आणि माझ्याकडे न पाहता खिडकीबाहेर बघत बसायचात. मला वाटायचे, तुमचे लक्षच नाही. आई स्वयंपाकघरातून "सांगून टाका ना तिला" म्हणायची आणि तुम्ही नुसता हात वर करायचात. मी कितीही वेळ लावला तरी तो हात खाली यायचा नाही. उत्तर आले की मग आई येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायची, जणू मी खूप लांबून चालत आले आहे. एवढे सगळे मला घरीच मिळाले होते, आणि ते माझ्या मुलांना द्यायला मला इतकी वर्षे लागली.

पहिल्या फेरीत मी एकच बदल केला: प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात तीन मोजायचे आणि तोवर बोलायचे नाही. सहा आठवड्यांत उत्तरे लांब झाली, "कारण" हा शब्द मुलांच्या तोंडी येऊ लागला, आणि मला वाटले की काम झाले. तसे ते झालेले नव्हते. माझी एक सहकारी, जी माझी मैत्रीण असूनही माझी भीड ठेवत नाही, मागच्या बाकावर बसून वर्गाच्या आकृतीवर कोण बोलले त्याच्या खुणा करत होती. चौतीस मुलांपैकी बोलणारी मुले तीच सात होती. मग मी मुलांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या घेतल्या. एका चिठ्ठीत लिहिले होते, "बाई थांबतात तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात. मला भीती वाटते." शिक्षक, निरीक्षक आणि विद्यार्थी अशा तीन बाजूंनी एकच तास पाहण्याचा आग्रह कृतिसंशोधनाचे इंग्लंडमधले अभ्यासक जॉन एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी का धरला होता, ते मला त्या चिठ्ठीने समजावले. माझ्या एकटीच्या वहीवर विसंबले असते तर मी यशाचा अहवाल लिहून मोकळी झाले असते.

दुसरी फेरी आता कुठे सुरू झाली आहे. आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचे आणि मगच वर्गासमोर सांगायचे. पद्धत नवी नाही, फ्रँक लायमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी ती १९८१ मध्येच मांडली आहे. पण माझ्या त्या सत्तावीस गप्प मुलांना ती उपयोगी पडते का, हे मला त्यांच्याच सोबत पाहायचे आहे. हीच मुले पुढच्या वर्षीही गणिताला माझ्याकडे आहेत. मी गेले तर नव्या शिक्षकांना माझ्या वह्या मिळतील, पण त्या मुलांचा माझ्यावर जो थोडा विश्वास बसू लागला आहे तो वहीबरोबर देता येणार नाही. त्यांतले एक मूल गेल्या आठवड्यात सबंध दोन वाक्ये बोलले. त्याचे नाव तुम्हालाही सांगणार नाही. तसा शब्द मी पालकांना दिला आहे.

आणि आता हे एका वर्गापुरते राहिलेले नाही. वरून आलेले कितीतरी उपक्रम आमच्या शाळेत महिना-दोन महिने चालले आणि कपाटात गेले. यावेळी मात्र पाच शिक्षक आपापला प्रश्न घेऊन दर पंधरवड्याला एकत्र बसतात. मराठीच्या बाई निबंधाला गुण देण्याऐवजी नुसता शेरा दिला तर मुले तो वाचतात का, ते पाहत आहेत. एका ज्येष्ठ सरांना सुरुवातीला वाटले की या नोंदी वरिष्ठांकडे जाणार आणि आपल्याविरुद्ध वापरल्या जाणार. ती भीती रास्त होती, आणि नोंद ज्याची त्याच्याजवळच राहील असे सर्वांसमक्ष ठरल्यावरच ते आले. हा गट सांभाळण्याचे मी कबूल केले आहे. यातून सगळी शाळा पालटेल असे मी म्हणत नाही. माझ्या वर्गात जे बदलले ते तीन सेकंदांमुळेच, असेही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण त्या सहा आठवड्यांत मुलेही वाढली. म्हणूनच आणखी एक वर्ष हवे आहे.

आता तुमच्याविषयी. न्हाणीघरात भिंतीला धरायचे दांडे बसवायला गुरुवारी माणूस येईल. पैसे मी दिले आहेत, बाबांनी पुन्हा देऊ नयेत. जिन्यातला दिवा आता माणूस आला की आपोआप लागेल असा बसवला जाईल. महिन्यातून दोनदा, शनिवार-रविवार मी येणार म्हणजे येणार, आणि डॉक्टरांची पुढची तपासणी माझ्याच सुट्टीत ठेवली आहे.

बाबा, रक्तदाबाची वही मी मागच्या वेळी चाळली. आकडा चांगला आला तरच तुम्ही तो लिहिता, हे माझ्या लक्षात आले आहे. हे चालणार नाही. सकाळी एकाच वेळी, पाच मिनिटे शांत बसून, जो येईल तो आकडा लिहायचा, आणि त्या दिवशी झोप कशी झाली तेही शेजारी लिहायचे. मनाने गोळी कमी करायची नाही. काही बदलायचे असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झाले ते कळत नाही. आई, तू त्यांची निरीक्षक हो, पण भांडू नकोस, फक्त खूण कर. आणि तुझ्या गुडघ्याची वेगळी वही घाल. "माझे काय, चालायचेच" हे मी यापुढे ऐकून घेणार नाही. तुझे दुखणे बाबांच्या दुखण्याच्या आड लपते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

रागावला असाल तर तसे लिहा. लगेच लिहायला हवे असे नाही. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते आहे, शनिवारी सकाळी पोहोचेन. बाबांनी स्थानकावर येऊ नये, किल्ली माझ्याजवळ आहे.

तुमची,
मनू