उताऱ्यावर काय पडणार, ते आधी सांग

येळ्ळूर,
रविवार, रात्री

चि. वैशालीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू न जेवता गेलीस. आईने बांधलेला डबा ओट्यावरच राहिला. तू गाडी चालू केलीस तेव्हा मी गोठ्यात होतो, आवाज ऐकला, पण बाहेर आलो नाही. तेवढं माझं चुकलं.

भांडायला लिहीत नाही. देवळातल्या बैठकीत तू फॉर्म पुढे केलास, पाणथळ जागा राखायला शेतकरी तयार आहेत का म्हणून, आणि पहिला 'नाही' मी म्हणालो. माझ्यामागून अख्खी रांग नाही म्हणाली. तुझं तोंड उतरलेलं मला दिसलं. पण पोरी, कागदावर हो आणि नाही अशी दोनच घरं होती. माझं उत्तर त्या दोन्हींत मावत नव्हतं.

मला भीती जमिनीच्या उताऱ्याची आहे. उद्या त्यावर एखादा शेरा पडला तर सोसायटी पीककर्ज देईल का? राजूच्या शिक्षणाला तुकडा विकायची पाळी आली तर गिऱ्हाईक उभं राहील का? सरकारच्या 2017 च्या पाणथळ नियमांत भातशेती पाणथळीत धरलेलीच नाही, असं तू सांगितलंस. बरं. मग माझी सही कशाला लागते? हे चारचौघांत विचारलं असतं तर तू अडचणीत आली असतीस, म्हणून नुसतं नाही म्हणून बसलो.

तुझ्या आज्जाने एकदा अंगठा दिला होता. नुसती मोजणी आहे म्हणाले. कागद कन्नडमधला, घरात वाचणारं कोणी नाही. पुढे विहिरीकडची पट्टी गेली. आज्जा मरेपर्यंत त्या बाजूने शेतात गेला नाही, लांबून वळसा घालून जायचा. मी दहा वर्षांचा होतो, त्याच्या मागून तोच वळसा घालून चालायचो. त्यामुळे कागद समोर आला की माझा हात आखडतो. त्यात तुझा दोष नाही.

परवा त्या साहेबांशी तू कन्नडात बोललीस, हातात कागद नसताना, न अडखळता. मागे बसलेले दोघे कोण म्हणून विचारत होते. माझी मुलगी म्हणून सांगितलं. आणि पुढच्या पाच मिनिटांत तिलाच नाही म्हणालो.

तुला आठवतं का, पहिल्या पावसात चढणीचे मासे नाल्यातून शेतात यायचे. तू सहा वर्षांची असशील. दप्तरातली वह्या-पुस्तकं बांधावर काढून ठेवलीस आणि दप्तरात मासे भरून आणलेस. आईने तुला मारलं, आणि रात्री त्याच माशांचं कालवण केलं. आता त्या बळ्ळारी नाल्यात बेळगाव शहराचं सांडपाणी, वर जलपर्णी. मासे चढायचे बंद झाले. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी शिवारात शिरलं ते हटायला तयार नव्हतं. लावलेलं बासमती कुजलं, परत लावायला रोपांचा तरवाही उरला नव्हता.

आणि ओल आम्ही राखत नाही असं कसं म्हणतेस? भात कापल्यावर त्याच ओलीवर मसूर टाकतो. वरून पाण्याचा थेंब नाही, जमिनीतली ओल आणि थंडीतलं दव यांवर तो येतो. वरून घाण सोडणाऱ्याला, नाल्याकाठी भर टाकून प्लॉट पाडणाऱ्याला, तुमची तयारी आहे का, म्हणून फॉर्म घेऊन कोणी विचारतं का? तयारी फक्त आमचीच बघायची? लांबलं. तू शिकलेली आहेस, तुला हे मी काय सांगू. राग धरू नकोस.

गदगकडच्या मागडी तळ्याचं तू सांगितलंस. हिमालय ओलांडून पट्टकादंब पक्षी येतात, 2024 साली तळं रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत गेलं. ऐकायला फार चांगलं वाटलं. पण मी विचारलं, तळ्याकाठच्या शेतकऱ्याच्या उताऱ्याचं काय झालं, तेव्हा तू गप्प झालीस. तेवढं तिथे जाऊन विचारून ये. अधिकाऱ्याला नको, शेतकऱ्याला विचार. उताऱ्याचं परत लिहायचं नाही असं ठरवलं होतं, बघ.

आणि एकटी तिन्हीसांजेला शिवारातून गाडी घालू नकोस. लोक चिडलेत. तुझ्यावर नाही, पण समोर तूच असतेस.

काल सकाळी नाल्याकडच्या तुकड्यात गेलो होतो. मसूर काढणीला आलाय. खालच्या अंगाला ते सात गुंठे, जिथे रोप दरसाल कुजतं, तिथे अजून चिखल आहे. नऊ शराटी पक्षी होते. वाकडी चोच डोळ्यापर्यंत चिखलात घालायचे, थांबायचे, मग एकदम वर काढायचे. एकाने खेकडा धरला आणि बाकीचे त्याच्या मागे धावले. मी बांधावर बसून राहिलो. चहा तिकडे गार झाला म्हणून आई ओरडली.

फॉर्मवरचं माझं 'नाही' खोडू नकोस. खाली जागा असेल तर लिही: सात गुंठे सोडायला तयार. भर टाकणार नाही, औषध मारणार नाही. सही तीन गोष्टी झाल्यावर. कागद मराठीत. उताऱ्यावर काय पडणार आणि काय नाही, ते लिहून. आणि वरून येणारं सांडपाणी कोण अडवणार, त्याचं नाव. काका म्हणाले, असं असेल तर त्यांचेही चार गुंठे धर. बाकीच्यांचं मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी ये. कागद आधी आईला वाचून दाखव, तिला कळला तर मला कळेल. तुझे चिखलाचे बूट तिने धुऊन पडवीत उपडे घातलेत.

तुझे,
बाबा